अंगणातले झाड आणि हातातले यंत्र

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, रविवारची सकाळची मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मला भेटावयास आले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ते नोकरीस आहेत. वय पन्नाशीचे, स्वभाव अबोल. पाणी प्याले, मुलांच्या शिक्षणाच्या चार गोष्टी झाल्या, आणि मग खाली पाहत त्यांनी विचारले, "फादर, आपल्याच अंगणातले, आपल्याच बापाने लावलेले झाड आपण तोडले, तर ते पाप होते का?" हा प्रश्न त्यांनी पापनिवेदनात विचारला नाही, कार्यालयातल्या खुर्चीवर बसून विचारला. नाव न घेता त्याविषयी लिहिण्यास त्यांनी संमती दिली आहे, म्हणूनच मी तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

हकिगत थोडक्यात अशी. त्यांचे वडील गंगापूर तालुक्यातील एका खेड्यातून औरंगाबादेस आले आणि सिडकोच्या वसाहतीत त्यांनी लहानसे घर घेतले. घराची वास्तुशांती म्हणा वा आशीर्वाद म्हणा, तो झाला त्याच वर्षी, १९८४ साली, त्यांनी फाटकाजवळ कडुनिंबाचे रोप लावले. आपल्या शहरात पाण्याचे काय हाल असतात ते निराळे सांगावयास नको. जायकवाडीचा नाथसागर काही कोसांवर असूनही नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते. अशा गावात तांदूळ धुतलेले, भांडी विसळलेले, आंघोळीचे उरलेले पाणी घालून ते रोप जगले. वडील वारले, निंब राहिला. त्याच्या सावलीत आईची बाज पडू लागली.

पुढे मुळांनी कुंपणाच्या भिंतीला तडा गेला. पानगळ आणि निंबोळ्या यांचा सडा रोज झाडावा लागे. नवी गाडी आली, तिच्यावर पक्षी घाण करीत. याच सुमारास भाच्याने विजेवर चालणारे कटर मागविले. इंग्रजीत चेन-सॉ म्हणतात ती ही साखळी-करवत; आमच्या वस्तीत मात्र सगळे तिला कटरच म्हणतात. आई दोन दिवसांसाठी लेकीकडे जालन्याला गेली होती. मामा-भाच्यांनी दोर बांधून, एकेक फांदी उतरवून, दुपारच्या तीन तासांत झाड संपविले. तिसऱ्या दिवशी आई रिक्षातून उतरली आणि फाटकाशीच उभी राहिली. मग एवढेच म्हणाली, "मी नाही म्हटलं नसतं रे. पण विचारायचं तरी."

"ती चिडली असती तर बरं झालं असतं, फादर," ते गृहस्थ म्हणाले. "भांडून मोकळा झालो असतो."

खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. उलट त्यांच्या प्रश्नाने माझीच एक आठवण वर आली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका परिचिताने आपले कटर चार दिवसांसाठी माझ्याकडे ठेवले होते. चर्चच्या आवारातील गुलमोहराची एक वाळकी फांदी काढायची होती; ती पाच मिनिटांत निघाली. यंत्र हातात गुणगुणत होते, लाकूड लोण्यासारखे कापले जात होते. मग मला आणखी एक फांदी आडवी वाटू लागली, नंतर तिसरी. ती तिसरी खाली आली तेव्हा तिच्याबरोबर बुलबुलाचे घरटे आले. ती फांदी कोणाच्याही वाटेत नव्हती. आधीच्या दोन फांद्यांसाठी मी यंत्र हाती घेतले होते, आणि तिसरी मी यंत्र हाती होते म्हणून शोधली. हा फरक लहान नाही. किंबहुना, या लेखात मला जे म्हणावयाचे आहे ते सारे त्या फरकातच आहे.

यंत्राच्या बाजूने

तथापि, यंत्राला दोष देऊन मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने दरवर्षी मी घरोघरी जातो, आणि अलीकडे जिन्याखाली, गॅलरीच्या कोपऱ्यात ही यंत्रे दिसू लागली आहेत. त्यांच्याविषयी मी मुद्दाम चौकशी केली. एका विधवा भगिनीच्या पत्र्याच्या छपरावर बाभळीची वाळलेली फांदी ओणवी झाली होती. माणूस लावावा तर मजुरी परवडत नव्हती, आणि पावसाळी वादळाची धास्ती रात्री झोपू देत नव्हती. शेजारच्या तरुणाने कटर आणून अर्ध्या तासात तिची चिंता मिटविली. सत्तरीला आलेले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "कुऱ्हाड उचलण्याचं बळ आता राहिलं नाही, फादर, पण शेवग्याची छाटणी अजून मीच करतो." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो यंत्राने दिलेला होता, आणि तो निर्मळ होता.

महात्मा गांधींना यंत्रांचे वावडे होते असे आपण समजतो. पण १९२४ साली एका तरुणाशी झालेल्या संभाषणात त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले, आणि शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून सांगितला. कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून एका माणसाने ते घडविले होते. यंत्राच्या मुळाशी माया असू शकते हे त्यांना मान्य होते.

साखळी-करवतीच्या मुळाशीही अशीच एक कथा आहे, आणि ती थोड्यांना ठाऊक असेल. फिरत्या साखळीला दाते लावून कापण्याची युक्ती आधी लाकडासाठी निघाली नाही. ती हाडासाठी निघाली. १८३० च्या सुमारास जर्मनीतील बर्नहार्ड हाइने यांनी हाताने फिरवायचे असे एक उपकरण शस्त्रक्रियेसाठी तयार केले. तेव्हा भूल देण्याची विद्या अजून आली नव्हती. छिन्नी-हातोड्याच्या घावांनी रुग्णाचे हाड फोडण्यापेक्षा ते साखळीने अलगद कापले जावे, एवढाच त्यामागे हेतू. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १९२६ साली, त्याच देशातील आंद्रेयास श्टील यांनी ओंडके कापण्यासाठी विजेवर चालणारी साखळी-करवत बनविली. ती इतकी अवजड होती की चालवावयास दोन माणसे लागत.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्याकडच्या जुन्या करवतीलाही दोन टोकांना दोन मुठी असत आणि दोन माणसे लागत. एकाने ओढायचे, दुसऱ्याने सोडायचे. त्यांपैकी एकाने हात काढून घेतला तर करवत जागीच अडे. म्हणजे त्या अवजारातच दुसऱ्या माणसाच्या नकाराला जागा होती. कुऱ्हाडीला दुसरा माणूस लागत नसे. पण तिला वेळ लागे, घाम लागे, आणि तिचा आवाज चार घरे ऐकत. "कशाला तोडता हो?" असे विचारावयास शेजारी येई. वड, पिंपळ, उंबर यांना हात लावावयास कित्येक लाकूडतोडे तयारच नसत. त्यांची भीती भाबडी म्हणा हवी तर; पण त्या भीतीमुळे झाडाला एक दिवस अधिक मिळे. आज दोन-तीन किलो वजनाचे, बॅटरीवर चालणारे कटर एका हातात मावते. मजूर नको, शेजारी नको, दिवसही नको. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये जे काही उभे असे, ते सारे यंत्राने बाजूला सारले आहे.

पायऱ्या

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात विवेकाचा विचार केला आहे. विवेकाची तीन कामे ते सांगतात : सल्लामसलत करणे, निर्णय घेणे आणि मग कृतीस आज्ञा देणे. पुढे विवेकाविरुद्धच्या दोषांत ते उतावीळपणाची गणना करतात आणि त्यासाठी एक साधा दृष्टान्त योजतात. उंचावरून खाली येण्याचे दोन प्रकार आहेत. एक पायऱ्यांनी उतरण्याचा, दुसरा कोसळण्याचा. बुद्धी वर आहे, कृती खाली आहे, आणि मध्ये पायऱ्या आहेत. झालेल्या गोष्टींची आठवण, असलेल्या गोष्टींचे आकलन, होणाऱ्या गोष्टींचा अंदाज, या सर्वांची सांगड घालणारा विचार, आणि वडीलधाऱ्यांचे ऐकून घेण्याची तयारी. या पायऱ्या गाळून जो कृतीवर येऊन आदळतो तो उतावीळ.

सेमिनरीत हे वाचले तेव्हा मी विशीत होतो, आणि परीक्षेपुरते पाठ केले होते. सिडकोतल्या त्या निंबाने मला ते पुन्हा शिकविले. एकेक पायरी पाहा. आठवण : हे झाड कोणी लावले, कोणत्या पाण्यावर वाढविले? आकलन : आज ते काय करते, कोणाला सावली देते, त्यावर कोणाचे घरटे आहे? अंदाज : पुढच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पलीकडे जाईल तेव्हा पश्चिमेची ही भिंत किती तापेल? विचार : तडा भिंतीला आहे, तर भिंत दुरुस्त करता येईल की नाही, मुळाची एखादी फांदी काढून भागेल की नाही? आणि शेवटची पायरी : आई. ती तर विरोधही करणार नव्हती! तिचे दुःख झाड गेल्याचे होतेच. पण त्याहून मोठे दुःख आपण त्या घराच्या जिन्यातली एक पायरी राहिलो नाही याचे होते.

पूर्वी या पायऱ्या आपण आपल्या सद्गुणामुळे चढत-उतरत होतो असे समजण्याचे कारण नाही. अवजारच मंद होते; त्याच्या मंदपणाने आपल्याला थांबावयास लावले, आणि त्या थांबण्यालाच आपण आपला विवेक समजत आलो. आता अवजार जलद झाले आहे, आणि आपल्या विवेकाची खरी परीक्षा आताच सुरू झाली आहे. यंत्राने काढून टाकलेली पायरी माणसाने स्वतःच्या मनाने पुन्हा बांधायची, हे आजच्या गृहस्थाचे कर्तव्य होय.

ही गोष्ट केवळ अंगणापुरती नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईच्या आरे वसाहतीतील मेट्रोच्या कारशेडसंबंधीच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या, आणि त्याच रात्री तेथे यंत्रे चालू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले, तोवर २,१०० हून अधिक झाडे पडून गेली होती. मेट्रो हवी की नको, कारशेड तेथे हवी की अन्यत्र, यावर सुज्ञ माणसांत मतभेद असू शकतात, आणि त्यात मी शिरत नाही. पण वरच्या न्यायालयाचा शब्द येईपर्यंत ऐकण्यासारखे फारसे काही उरलेच नाही, हे कोणालाही दिसेल. कुऱ्हाडीच्या युगात इतकी झाडे दोन दिवसांत पडली नसती. जे त्या गृहस्थाच्या घरी तीन तासांत घडले, तेच तेथे मोठ्या प्रमाणावर घडले. सल्ल्याआधी कृती झाली.

याउलट एक जुना दाखला आपल्याच मातीतला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी सूचना आहेत. स्वराज्याला गलबते हवी होती. लाकडाची गरज तातडीची होती. तरीही तेथे सांगितले आहे की, आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, कारण ती एक-दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानेच तोडावे. राज्यकर्त्याजवळ सत्ता होती, कुऱ्हाडी होत्या, गरजही होती. आणि तरी त्याने स्वतःला विचारण्याच्या बंधनात घातले. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकातही वेढा घातलेल्या नगरासंबंधी असाच नियम आहे : वेढा कितीही लांबला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. युद्धातही जे थांबणे शक्य मानले गेले, ते शांततेच्या काळात, रविवारच्या दुपारी, आपल्याला अशक्य का व्हावे?

झाड कोणाचे?

"पण फादर, झाड माझे होते," असे ते गृहस्थ म्हणाले होते, आणि या म्हणण्याला उत्तर देणे भाग आहे.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे, आणि खाजगी आवारातील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ साली त्यात झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावी असे तत्त्व घातले. पुष्कळांना हा कायदा म्हणजे कचेरीचे खेटे वाटतात. मला मात्र त्यात ती हरवलेली पायरी दिसते. अर्ज करावयाचा, कोणी येऊन झाड पाहावयाचे, शेजाऱ्यांना हरकत घेण्यास अवधी द्यावयाचा, म्हणजेच दोन मुठींच्या करवतीची दुसरी मूठ समाजाच्या हातात द्यावयाची.

नीतीचे उत्तर याहून खोल आहे. संत थॉमस खाजगी मालकी मान्य करतात. वस्तूची देखभाल आणि वाटप करण्याचा अधिकार माणसाला असणे योग्य आहे असे ते म्हणतात. पण वापराच्या बाबतीत मात्र माणसाने आपली वस्तू केवळ आपली समजू नये, ती सर्वांची समजून गरजवंताला सहज द्यावी, असे त्यांचे सांगणे आहे. या विचाराला झाडाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. निंबाचे खोड माझ्या फाटकाच्या आत असते. त्याची सावली दुपारी रस्त्यावर भाजीवालीच्या टोपलीवर पडते. खोडाचा मी धनी आहे. सावलीचा मी केवळ राखणदार आहे. खोड कापताना मी जे माझे नाही तेही कापत असतो, आणि ज्यांचे ते असते त्यांची नावेही मला ठाऊक नसतात.

याचा अर्थ झाड कधीच तोडू नये असा नाही. मराठवाड्यातल्या माणसाला असे भाबडे बोल पटणार नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, आणि पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. त्यांना कोणी उतावीळ म्हणेल काय? टँकरचे पाणी विकत घेऊन, कर्ज काढून, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी वाट पाहिली होती. साऱ्या पायऱ्या उतरून, एकेक पायरीवर रडून, ते त्या कृतीपर्यंत आले होते. तोडणे तेच, पण ते तोडणे आणि हे तोडणे यांत पृथ्वी-आकाशाचे अंतर आहे.

तोडल्यानंतर

आणखी एका यंत्राची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. तोडण्याचे यंत्र घरोघरी आले, पण तोडलेल्याचे काय करावयाचे हे कोणी विचारीत नाही. त्या निंबाच्या फांद्यांचा ढीग रस्त्याच्या कडेला आठ दिवस पडून होता, आणि नवव्या दिवशी रात्री कोणी तरी त्याला काडी लावली. हिरव्या पाल्याचा धूर साऱ्या गल्लीत कोंडला. दम्याच्या दोन रुग्णांना त्या रात्री बसून काढावी लागली.

आपल्या शहराने २०१८ साली या प्रश्नाचे भीषण रूप पाहिले आहे. नारेगावच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आपल्या दाराशी येणारा शहराचा कचरा त्या फेब्रुवारीत अडविला, आणि कित्येक आठवडे रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. आपण आपल्या दारातून जे बाहेर टाकतो ते कोणाच्या तरी दारात जाऊन पडते, हा धडा तेव्हा आपण नाक दाबून शिकलो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवण्याची आणि तो न जाळण्याची जबाबदारी घरमालकावरच टाकली होती. ती आपण वाचलीच नव्हती.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त अभियंत्याने यावर फांद्या भरडणारे यंत्र आणले. त्याला चिपर म्हणतात. ते घरातल्या जाड सॉकेटवर चालते आणि मनगटापेक्षा बारीक फांद्यांच्या कपच्या करते. त्यांचा अनुभव मी त्यांच्याच तोंडून ऐकला आहे. पहिल्या दिवशी ओला पाला भरला आणि यंत्र गच्च बसले. बोगनवेलीचे चिवट दोरे पात्याला गुंडाळले गेले. लांब, बारीक वायर जोडली तर मोटार तापून बंद पडू लागली. मग ते शिकले : फांदी एकेक घालावी, पाला सुकू द्यावा, अडकले तर आधी वायर काढावी आणि मगच आत हात घालावा. एका पोत्याएवढ्या कपच्या निघण्यासाठी अंगणभर फांद्या लागतात हे पाहून ते थक्क झाले. त्या कपच्या त्यांनी झाडांच्या आळ्यात पसरल्या. मातीत मिसळल्या तर कुजताना त्या मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. वर नुसत्या पसरल्या तर उन्हात ओल टिकते. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात ही ओल म्हणजे धनच.

त्यांनी मला एक मार्मिक गोष्ट सांगितली. "फादर, कटर होतं तेव्हा मी सहज कापत होतो. चिपर आल्यापासून प्रत्येक फांदी हातात घेऊन भरडावी लागते, दिवस जातो. त्यामुळे आता कापण्याआधी दहादा विचार करतो." म्हणजे एका यंत्राने काढलेली पायरी दुसऱ्या यंत्राने परत बसविली! जे तोडले त्याला शेवटपर्यंत हात लावावयाचा, ते आपल्याच मातीत जिरवावयाचे, हा नियम ज्याने पाळला त्याचा हात आपोआप जपून चालतो. वर्षातून चार दिवस लागणारे हे यंत्र त्यांनी आता गल्लीतल्या सहा घरांत मिळून वापरावयास दिले आहे. ते मागावयास जो जातो त्याला ते विचारतात, "काय कापलंत? कशासाठी?" माझ्या मते हा प्रश्नच त्या यंत्राचा सर्वांत उपयुक्त भाग आहे.

उतावीळपणाचा फटका झाडालाच बसतो असेही नाही. आमच्या युवक मंडळातील एक तरुण शिडीवर चढून, एका हाताने फांदी धरून, दुसऱ्या हाताने कटर चालवीत होता. पात्याच्या टोकाची वरची कड लाकडाला टेकली तर साखळी अडते आणि यंत्र क्षणार्धात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्याच्या खांद्याला अकरा टाके पडले. मान वाचली ही देवाची कृपा. दोन्ही पाय जमिनीवर हवेत, दोन्ही हात यंत्रावर हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि जवळ दुसरा माणूस हवा, हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. दुसरा माणूस! फिरून तीच गोष्ट. शहाणपण सांगणारा हर कोणी शेवटी दुसऱ्या माणसापाशीच येऊन थांबतो.

एक वर्ष राहू द्या

त्या गृहस्थाला मी काय सांगितले? झाड तोडणे हे पाप की नाही याचा निवाडा मी केला नाही. मी म्हणालो, "तुमचा प्रश्न योग्य आहे; तो फक्त उशिरा आणि चुकीच्या माणसाला विचारला गेला. तो आधी आईला विचारावयास हवा होता, मग शेजाऱ्यांना, मग महानगरपालिकेच्या उद्यान विभागाला. यांपैकी ज्यांना अजून विचारता येईल त्यांना जाऊन विचारा." ते आईशी बोलले. उद्यान विभागातही गेले आणि जे झाले ते लिहून देऊन आले. पुढे दंड होईल तो भरण्याची त्यांची तयारी आहे.

राहिले होते ते निंबाचे बुंधे. ते खणून काढून तेथे फरशी बसविण्याचा त्यांचा बेत होता. मला लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आठवला. तीन वर्षे फळ न दिलेले झाड तोडून टाक असे धनी म्हणतो, आणि माळी विनवितो की, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणीन, खत घालीन, मग पाहा. त्या माळ्याने धन्याचा हक्क नाकारला नाही. त्याने फक्त मुदत मागितली, आणि त्या मुदतीत राबण्याचे कष्ट स्वतःकडे घेतले. मी त्यांना तेवढेच सुचविले. अभियंत्यांकडून दोन पोती कपच्या आणून त्यांनी बुंध्याभोवती पसरल्या.

कडुनिंब चिवट असतो. जुलैच्या पावसात बुंध्याला फुटवे आले, आठ-दहा तरी असतील. ते सगळे ठेवले तर एकही धड वाढत नाही; एक निवडून बाकीचे काढावे लागतात. ऑगस्टमध्ये मी त्या घरी गेलो तेव्हा ते काम चालले होते. म्हातारी आई खुर्ची टाकून बसली होती, मुलगा कोयता घेऊन वाकला होता, आणि प्रत्येक फुटव्याला कोयता लावण्याआधी मान वर करून तो विचारीत होता, "आई, हा काढू?"